अंगावरची प्रयोगशाळा आणि फवारणीचा मजूर

बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि काही सेकंदांत साखरेचा आकडा वाचायचा, हा प्रकार आता नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव या गावांत कुणाला नवा राहिलेला नाही. ज्या घरी ग्लुकोमीटर आहे त्या घरी एक जैवसंवेदक आहे, एवढेच त्या घराला ठाऊक नसते. याच पट्टीची पुढची पिढी आता दंडावर चिकटवता येते, मनगटावर बांधता येते, हातमोज्यावर छापता येते. प्रस्तुत लेखात या साधनांचे शास्त्र आम्ही विद्यार्थ्यांना समजेल अशा रीतीने मांडणार आहोत. परंतु आमचा खरा रोख आपल्या तालुक्यातील एका प्रश्नाकडे आहे. संत्र्याच्या बागेत व पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या माणसाच्या अंगात किती विष गेले, हे त्याला चक्कर येण्यापूर्वी कळू शकेल काय?

प्रथम या साधनाची रचना पाहू. जैवसंवेदकात एक ओळखणारा असतो आणि एक मोजणारा. ओळखण्याचे काम विकर करते, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो. मोजण्याचे काम इलेक्ट्रोड करतो. संत्रा मंडीच्या फाटकावर एक पहारेकरी उभा आहे अशी कल्पना करा. तो फक्त संत्र्याचीच गाडी आत सोडतो, आणि प्रत्येक गाडीवाला आत जाताना कारकुनापुढे दोन नाणी टाकतो. कारकून गाड्यांकडे मान वर करून पाहतही नाही, तो नाणी मोजतो आणि त्यावरून गाड्यांची संख्या सांगतो. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम म्हणजे पहारेकरी, ग्लुकोजचा रेणू म्हणजे गाडी आणि इलेक्ट्रॉन म्हणजे नाणी. ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि तारेतून अतिशय क्षीण वीजप्रवाह वाहतो.

क्षीण म्हणजे किती? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. एक मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. एवढा प्रवाह असताना दर सेकंदाला सुमारे ६.२४ लाख कोटी इलेक्ट्रॉन वाहतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ३.१२ लाख कोटी ग्लुकोज रेणूंची मोजदाद झाली. खिशातल्या यंत्राला हे सहज जमते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धरून थेंब मोजणाऱ्यांना त्याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही.

या विद्येचा पाया अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी घातला. १९५६ साली त्यांनी रक्तातील प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला. १९६२ साली लायन्स यांच्यासमवेत त्यांनी सुचवले की त्या इलेक्ट्रोडवर एन्झाइमचा थर बसवला तर ग्लुकोजही मोजता येईल. १९७५ साली असे यंत्र बाजारात आले, पण ते टेबलावर ठेवायचे, इस्पितळातील यंत्र होते. पेनाएवढा ग्लुकोमीटर १९८७ साली निघाला. टेबलावरून खिशात यायला बारा वर्षे लागली. खिशातून अंगावर यायलाही तेवढीच लागली, कारण त्वचेखाली तार बसवून सतत साखर मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. २००१ साली मनगटी घड्याळासारखे एक यंत्र मान्य झाले. ते अत्यल्प वीजप्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून घेई. त्याने अनेकांची कातडी लाल होऊ लागली आणि ते बाजारातून गेले. २०१४ साली युरोपात आलेली, दंडावर चौदा दिवस राहणारी चकती मात्र टिकली. अशा चकत्या आता भारतातही मिळतात. या चकतीची बारीक तार रक्तवाहिनीत जात नाही. पेशींच्या मधल्या द्रवात ती राहते. त्यामुळे तिचा आकडा रक्ताच्या आकड्यामागे काही मिनिटे रेंगाळतो. साखर झपाट्याने उतरत असेल तेव्हा रुग्णाने हे लक्षात ठेवावे.

येथे विदर्भातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे आम्हास आवश्यक वाटते. आपल्याकडे सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. मध्य भारतातील सिकलसेलसंबंधी शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. मधुमेहासाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी एचबीएवनसी तपासणी करतात, ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी लवकर मरतात, म्हणून तो आकडा खोटा कमी येऊ शकतो. उलट रक्तक्षय असलेल्या माणसाच्या रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला तर पुष्कळ पट्ट्या साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. एकाच घरात मधुमेह आणि सिकलसेल दोन्ही असतील तर डॉक्टरांना ते तोंडाने सांगितले पाहिजे. यंत्र ते विचारत नाही.

आता घामाविषयी थोडेसे. २०१६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात अली जावे, वेई गाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटपट्टा व कपाळपट्टी तयार केली. ती घामातील ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम, पोटॅशियम आणि त्वचेचे तापमान एकदम मोजून आकडे मोबाइलवर पाठवत असे. उन्हाळ्यात ४५ अंशांत राबणाऱ्या आपल्या माणसांसाठी घामातील क्षारांचे मोजमाप उपयोगी ठरण्यासारखे आहे. तथापि घाम हा बेभरवशाचा साक्षीदार आहे. तो सुकतो, त्यात मळ मिसळतो, एकाच्या घामात क्षार थोडे तर दुसऱ्याच्या कितीतरी अधिक. घामातील साखर रक्तातील साखरेच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढी असते, म्हणून बोटाला लागलेला गुळाचा कणसुद्धा तो हिशेब बिघडवू शकतो. घामाच्या पट्ट्यांची जाहिरात पाहून भुलू नये, एवढेच येथे पुरे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट, अ‍ॅसिफेट ही नावे आपल्या तालुक्यातील शेतकऱ्याला पाठ आहेत. ही सगळी ऑर्गनोफॉस्फरस गटातील औषधे. त्यांना आपण ‘औषध’ म्हणतो, पण ती विषे आहेत, आणि कीटकावर व माणसावर त्यांचा घाव एकाच ठिकाणी बसतो. मज्जातंतूने स्नायूला हुकूम द्यायचा तो असेटिलकोलिन या द्रव्याच्या द्वारे. हुकूम पोहोचला की कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम ते द्रव्य तोडून टाकते आणि स्नायू मोकळा होतो. ऑर्गनोफॉस्फरसचा रेणू या एन्झाइमला जाऊन चिकटतो व त्याला निकामी करतो. मग हुकूम संपतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओकाऱ्या व जुलाब होतात, छातीत पाणी दाटते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास थांबतो.

पुष्कळदा विष तोंडाने जात नाही, कातडीतून जाते. संत्र्याचे झाड डोक्याच्या वर असते. नवती फुटल्यावर सायला किंवा कोळशीसाठी गन वर धरून फवारले की तुषार परत फवारणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर आणि बाहीतून काखेत उतरतात. पाठीवरचा पंप गळका असेल तर कंबर भिजते. घामाने ओल्या झालेल्या कातडीतून विष अधिक सहज आत जाते. अशा उकाड्यात रबरी मोजे आणि मास्क घालून चार तास काम करायला सांगणे सोपे आहे, करणे कठीण आहे. मजूर बेफिकीर असतो असे जे म्हटले जाते ते आम्हास मान्य नाही. सांगणाऱ्याने एकदा श्रावणातल्या दुपारी तो पोशाख घालून एक टाकी फवारून पाहावी.

या निष्काळजीपणाची किंमत विदर्भाने २०१७ साली मोजली आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक जण दगावले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीएवढी झाली होती, हवा दमट होती आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले. बाधित रुग्णांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय जवळ असणे किती महत्त्वाचे आहे हे त्या वेळी सर्वांना कळले.

योगायोग असा की त्याच २०१७ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे जोसेफ वांग यांच्या प्रयोगशाळेने विष ओळखणारा हातमोजा प्रसिद्ध केला. त्या लेखाचे पहिले लेखक रूपेश मिश्रा हे होते. या मोज्याच्या अंगठ्यावर कार्बनच्या शाईची एक चकती छापलेली आहे आणि तर्जनीवर ताणले तरी न तुटणाऱ्या शाईचे तीन इलेक्ट्रोड आहेत. तर्जनीवर ऑर्गनोफॉस्फरस हायड्रोलेज या एन्झाइमचा थर असतो. अंगठ्याने फळ, पान किंवा टेबल पुसायचे आणि अंगठा तर्जनीला टेकवायचा. विष असेल तर एन्झाइम ते तोडते, त्यातून नायट्रोफेनॉल हे द्रव्य निघते आणि इलेक्ट्रोडवर त्याची खूण वीजप्रवाहाच्या रूपाने उमटते. मोज्याला जोडलेले छोटे यंत्र तो निकाल बिनतारी मोबाइलवर पाठवते. मोजा वापरून फेकायचा, यंत्र पुन्हा वापरायचे.

वाचून मन हरखते. पण विद्यार्थ्यांनी येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे: हा पहारेकरी नेमक्या कोणत्या गाडीसाठी उभा आहे? हा मोजा मेथिल पॅराथिऑन व मेथिल पॅराऑक्सॉन यांवर तपासला गेला. या दोघांच्या रेणूत नायट्रोफेनॉलचा गट आहे. मोनोक्रोटोफॉसच्या रेणूत तो गटच नाही, तेव्हा ती खूण उमटण्याचा प्रश्नच येत नाही. आणि मेथिल पॅराथिऑन तर भारतात ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने बंद झाले आहे. म्हणजे तो मोजा जसाच्या तसा आणून नरखेडच्या बागेत वापरला तर बंदी घातलेले विष तो पकडेल आणि ज्या विषाने आमच्या भागातील माणसे आजवर आजारी पडली त्याबद्दल गप्प बसेल. गप्प बसलेले यंत्र पाहून ‘काही नाही’ असे समजून मजूर उघड्या हाताने काम करू लागला तर ते यंत्र नसलेलेच बरे. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावणही २०२३ च्या आदेशाने बंदीच्या वाटेवर गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु औषधे बदलत राहतात आणि दर वेळी नवा पहारेकरी नेमत बसणे कुणाला परवडणारे नाही.

म्हणून आम्हास दुसरी वाट अधिक उपयोगाची वाटते. बाहेर कोणते विष आहे हे शोधण्यापेक्षा ज्या एन्झाइमवर घाव बसतो तेच मोजावे. कोणत्याही ऑर्गनोफॉस्फरसने किंवा कार्बामेटने केलेला घाव कोलिनेस्टरेजच्या कमतरतेत दिसतो. त्याची जुनी रीत एलमन यांनी १९६१ साली दिली. रक्तातील एन्झाइमला असेटिलथायोकोलिन खाऊ घालायचे, त्यातून थायोकोलिन निघते, एका रसायनाने ते पिवळे होते, आणि पिवळेपणा जितका कमी तितके एन्झाइम निकामी. हेच थायोकोलिन इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन देते, म्हणून रंगाऐवजी वीजप्रवाह मोजूनही काम होते. ग्लुकोमीटरच्या पट्टीत आणि या पट्टीत मोठा फरक हिशेबाचा आहे. तिथे प्रवाह वाढला की साखर वाढली. इथे प्रवाह घटला की धोका वाढला. बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत रंगाच्या पद्धतीने कोलिनेस्टरेज सांगणारे हातात मावेल असे यंत्र अमेरिकेत पूर्वीपासून मिळते. अंगावर चिकटवून घामावरून कोलिनेस्टरेजचा विश्वासू आकडा देणारी पट्टी मात्र आज बाजारात नाही. हे एन्झाइम रक्तातले आहे, तेव्हा तूर्त थेंबाला पर्याय नाही.

येथे एक अडचण आहे, आणि सगळ्या लेखात आम्ही वाचकांना एकच गोष्ट लक्षात ठेवा म्हणून सांगायची झाली तर ती हीच. निरोगी माणसांतही कोलिनेस्टरेज सारखे नसते. एकाचे मुळातच जास्त, दुसऱ्याचे कमी. समजा एका मजुराचा नेहमीचा आकडा १०० आहे आणि दुसऱ्याचा ६५. आठ दिवसांच्या फवारणीनंतर दोघांचाही आकडा ६५ आला. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत तो बसत असेल तर दोघांनाही ‘ठीक’ असा शेरा मिळेल. प्रत्यक्षात पहिल्याचे एक तृतीयांशाहून अधिक एन्झाइम मेलेले आहे. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीचा, ज्याचा त्याचा, स्वतःचा आकडा नोंदलेला नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून हीच पद्धत आहे. आधी मूळ आकडा घेतात. तो ८० टक्क्यांच्या खाली घसरला की कामाच्या पद्धतीची चौकशी होते. तांबड्या पेशींतील एन्झाइम मूळच्या ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातील ६० टक्क्यांवर आले की त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरे काम देतात. दोन्ही ८० टक्क्यांवर परत येईपर्यंत त्याला औषधाजवळ जाऊ देत नाहीत. रक्तद्रवातील एन्झाइम काही आठवड्यांत भरून येते. तांबड्या पेशींतील मात्र नव्या पेशी तयार होतील तसेच भरते, त्याला तीन-चार महिनेही लागू शकतात. जुलैत बाधा झालेला माणूस ऑगस्टमध्ये ‘बरा’ दिसतो आणि थोड्याशा फवाऱ्याने पुन्हा कोसळतो, त्याचे एक कारण हे आहे.

हे सर्व परदेशात, आपल्याकडे कुठे, असे कुणी म्हणेल. तसे नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतरच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. त्यातील ३७ व्या नियमात फवारणी करणाऱ्यांच्या ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. ऑर्गनोफॉस्फरस व कार्बामेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज दरमहा मोजावे असेही त्यात म्हटले आहे. नियमाला पन्नास वर्षे उलटून गेली. या स्मरणिकेच्या वाचकांत बागेचे मालकही आहेत आणि रोजीने फवारणीस जाणारेही आहेत. दोघांनीही आपापल्या घरी विचारून पाहावे की अशी तपासणी आजवर कितीदा झाली.

यंत्र स्वस्त झाले की हा प्रश्न मिटेल असे आम्हास वाटत नाही. समजा, यंत्र आले आणि त्याने सांगितले की अमुक माणसाने तीन आठवडे फवारू नये. त्या तीन आठवड्यांची मजुरी कोण देणार? फवारणीची मजुरी निंदणीपेक्षा अधिक असते, म्हणूनच माणूस ती पत्करतो. आकडा मालकाच्या हाती पडला तर तो दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बोलावील आणि पहिल्याची कमाई जाईल. मग पुढच्या खेपेस कोणता मजूर बोट पुढे करील? तेव्हा आकडा प्रथम ज्याचे रक्त त्याच्या हाती यावा आणि फवारणी थांबली तरी त्याला आळे करणे, छाटणी, बोर्डो मलम लावणे अशी औषधाविना इतर कामे त्याच रोजीने मिळावीत. हे मालक-मजुरांत हंगामाआधीच ठरले पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. यवतमाळला वापरलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड हीही होती. ती ऑर्गनोफॉस्फरस नाहीत, त्यांच्या बाधेत कोलिनेस्टरेज उतरलेले दिसणार नाही. अ‍ॅट्रोपिन आणि पीएएम ही इंजेक्शने ऑर्गनोफॉस्फरससाठी आहेत, सर्व विषांसाठी नाहीत. म्हणून कुणाला मळमळ, घाम, अंधारी आली तर प्रथम कपडे उतरवावे, साबण-पाण्याने अंग धुवावे आणि रुग्णासोबत औषधाचा डबा किंवा निदान त्याचे लेबल दवाखान्यात न्यावे. डब्यावरच्या चौकोनातील लाल, पिवळा, निळा, हिरवा हा रंग त्याची तीव्रता सांगतो. डॉक्टरांना मात्र रंगापेक्षा आतील द्रव्याचे नाव हवे असते.

ज्या विद्यार्थ्यांना या विषयात काही करावेसे वाटते त्यांच्यासाठी एक खरी समस्या येथे आहे. बहुतेक ग्लुकोज पट्ट्या ४ ते ३० अंश तापमानात ठेवायच्या असतात. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात ते तापमान पहाटेही सापडत नाही. कोलिनेस्टरेज तर नाजूक एन्झाइम. आपल्या उन्हाळ्यात फ्रिजशिवाय टिकणारी आणि पावसाळ्यात न बुरसणारी पट्टी करणे हे काम सॅन डिएगोच्या हवेत बसून सुचणारे नाही.

तोपर्यंत आज शक्य आहे ते असे. मृगाच्या फवारण्या सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मेअखेर, निदान दोन-तीन आठवडे औषधाला हात न लावलेल्या अवस्थेत, फवारणी करणाऱ्याने प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घेऊन रक्तातील कोलिनेस्टरेज तपासून घ्यावे. नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. एका साध्या वहीत तारीख, आकडा, एकक, प्रयोगशाळा आणि तपासणी रक्तद्रवाची की तांबड्या पेशींची हे लिहून ठेवावे. काविळीचा किंवा यकृताचा आजार असल्यास तेही लिहावे, कारण त्याने रक्तद्रवातील आकडा आपोआप उतरतो. पुढे फवारणी केल्याच्या तारखा व औषधांची नावे त्याच वहीत घ्यावी. दुसरी तपासणी त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण निरनिराळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.